पेरू गावचं सफरचंद

बाजारातून आपण ‘डिलिशस’ म्हणून जे सफरचंद आणतो, त्याचं मूळ झाड अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मॅडिसन काउंटीतल्या पेरू नावाच्या खेड्याजवळ उगवलं. ते गाव पाहायचं फार दिवस मनात होतं. ऑक्टोबरात योग आला.

आयोवाची राजधानी डे मॉइनहून तासाभरात विंटरसेट लागतं. काउंटीचं हे मुख्य ठिकाण, वस्ती साडेपाच हजारांच्या आत. मधोमध 1870च्या दशकातलं चुनखडी दगडाचं कोर्ट, चहूबाजूंनी दुकानं. जॉन वेन हा अभिनेता 1907 साली इथे जन्मला, त्याच्या संग्रहालयापाशी गर्दी होती. मला ओढ होती ती जवळच्या एका छोट्या बागेची, कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या नावाच्या. मराठी घरांत हे नाव किती आपुलकीने घेतलं जातं! गुलामीत जन्मलेल्या या मुलाला कॅन्ससच्या एका कॉलेजने काळा म्हणून दारातून परत पाठवलं होतं. पुढे तो विंटरसेटला आला, हॉटेलात राबू लागला. चर्चमध्ये त्याचं गाणं ऐकून मिलहॉलंड दांपत्याने त्याला घरचा मानलं, शिकायचा आग्रह धरला. 1890 मध्ये तो शेजारच्या सिम्पसन कॉलेजात दाखल झाला. त्या बागेत मी बराच वेळ बसलो.

पेरूकडे जाताना दुतर्फा वाळलेला मका, मध्येच सोयाबीन, कापणी यंत्रांची धूळ. इथल्या जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत एक रोप रांग सोडून उगवलं. त्याने ते छाटलं, ते फुटलं. पुन्हा छाटलं, पुन्हा फुटलं. मग त्याने ते राहू दिलं. काही वर्षांनी फळ आलं ते इतकं गोड, की त्याने त्याला ‘हॉकआय’ नाव दिलं. 1893 मध्ये त्याने ती सफरचंदं मिझुरीतल्या स्टार्क नर्सरीच्या स्पर्धेत पाठवली. नर्सरीने वाण विकत घेऊन ‘डिलिशस’ म्हणून देशभर पसरवलं. 1916च्या सुमारास भारतात स्थायिक झालेले अमेरिकन सॅम्युअल स्टोक्स, म्हणजे पुढचे सत्यानंद स्टोक्स, यांनी हिमाचलात कोटगढला त्याची लागवड केली, आणि तिथून ते आपल्या फळवाल्यांपर्यंत आलं.

मूळ फळ गोलसर, पट्टेदार होतं. पुढे गडद लाल रंगासाठीच निवड होत गेली आणि चव मागे पडली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

11 नोव्हेंबर 1940 रोजी अचानक कडाक्याचं हिमवादळ आलं. आयोवातल्या बागाच्या बागा गेल्या, अनेकांनी सफरचंद सोडून मका-सोयाबीन धरलं. हायटचं झाडही गेलं, पण मुळापासून नवे फुटवे आले.

परतताना छपराचे लाकडी पूल पाहिले. एका कादंबरीमुळे ते जगाला ठाऊक झाले. 19 होते, 6 उरलेत. छप्पर असतं ते तळाच्या जाड, महाग तुळया पावसात कुजू नयेत म्हणून. छताच्या फळ्या बदलणं त्यामानाने स्वस्त. सीडर पूल 2002 मध्ये कुणीतरी जाळला, लोकांनी तो पुन्हा उभारला. 2017 मध्ये परत जाळला, 2019 मध्ये परत उभा राहिला. जायचं तर ऑक्टोबरातला दुसरा शनिवार-रविवार साधा, तेव्हा पुलांचा उत्सव असतो. पेरूसाठी मात्र वेगळी दुपार राखून ठेवा.