मुलाचा चित्रकलेचा हात आणि घरातले आम्ही

आमच्या मुलाला लहानपणापासून चित्रांचा नाद. लग्नाला गेलो तरी पंगत बसेपर्यंत हा पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माणसं काढत बसायचा. पाहुणे म्हणायचे, "काय हात आहे हो पोराचा!" आणि विषय तिथेच संपायचा. आठवीत गेल्यावर त्याने वही दाखवणंच बंद केलं. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "आई, सगळे छानच म्हणतात. कुठे चुकलंय ते कुणी सांगतच नाही."

त्याचं म्हणणं मला पटलं. या वयात मुलांची नजर हाताच्या पुढे पळते. काढलेलं नाक बिघडलंय हे त्यांना कळतं, सुधारायचं कसं ते मात्र कळत नाही. मला वाटतं, बरीच मुलं इथेच चित्रं सोडतात. शाळेत चित्रकलेचा तास होता, पण परीक्षा जवळ आली की तो गणिताकडे जायचा. म्हणून साताऱ्यातच, आमच्या घराजवळ राहणाऱ्या एका निवृत्त कलाशिक्षकांकडे त्याला घेऊन गेले.

सरांनी वही शेवटच्या पानापर्यंत बघितली. कार्टूनचीही पानं सोडली नाहीत. मग मला म्हणाले, "ही कार्टूनं बंद करायला लावू नका, ती त्याची आहेत. पण रोज अर्धा तास समोर एक वस्तू ठेवून बघून काढू दे. आणि एलिमेंटरीला बसवा." एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या शासकीय परीक्षा. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (म्हणजे स्वतः रचलेली नक्षी), शिवाय भूमिती आणि अक्षरलेखन. सरांच्या मते श्रेणीपेक्षा परीक्षेची शिस्त महत्त्वाची, कारण मुलाला जे आवडत नाही तेही करावं लागतं.

मग आमच्या स्वयंपाकघरातला तांब्या टेबलावर आला. मला सूचना होती: शेजारी बसा, पण पेन्सिल हातात घेऊ नका. मी ब्लाउजला हुक लावत बसायचे आणि तो तांब्या काढायचा. तोंडाचा लंबगोल छान यायचा, पण बुडाशी तो पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ मारायचा, त्यामुळे तांब्या टेबलावर बसल्यासारखा वाटतच नव्हता. सरांनी ते पाहिलं आणि स्टीलचा पेला मागवला. पेला त्याच्या डोळ्यांसमोर धरला, तेव्हा तोंडाची नुसती रेघ दिसत होती. मग हळूहळू खाली नेला, तसा गोल उघडत गेला. "डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली जाशील तितका लंबगोल रुंद होतो. मग बुडाचा गोल तोंडाच्या गोलापेक्षा जास्त उघडा हवा की कमी?" मुलगा पेल्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "जास्त." "मग तू सरळ का काढलास? तळ सपाट आहे हे तुला ठाऊक आहे म्हणून. ठाऊक आहे ते बाजूला ठेव, दिसतंय ते काढ."

त्या दिवसानंतर मलाही त्याच्या चित्राबद्दल बोलता यायला लागलं. मी शिवणकाम करते, गळ्याचा गोल दोन्ही बाजूंना सारखा उतरला नाही तर मला लगेच दिसतं. तीच नजर मी त्याच्या चित्राला लावली. "उजवा खांदा बाहेर गेलाय का बघ," एवढंच म्हणायचे. तो हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिलीने माप घ्यायचा आणि स्वतःच खोडायचा. चित्रातलं ज्ञान नसलेल्या आईबापांनाही हे जमतं. मुलाजवळ बसायला वेळ मात्र काढावा लागतो.

सामानाबद्दल एक सांगते, कारण इथे पैसे हमखास वाया जातात. महागडी रंगपेटी घेण्याआधी कागद चांगला घ्या. पातळ कागदावर पोस्टर कलरचा दुसरा हात दिला की कागद फुगतो आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. रंग मोजकेच, लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा. बाकीचे त्याने मिसळून करायचे. आमच्या घरी भोपळ्याची हिरवी साल जमेपर्यंत त्याने पॅलेट किती वेळा धुतली असेल!

स्मरणचित्रासाठी आम्ही मंडईत जायचो. तिथे वही काढायची नाही, फक्त बघायचं. भाजीवाल्या मावशी तराजू कोणत्या हाताने उचलतात, पोत्यावर कशा बसतात, गिऱ्हाईक वाकतं तेव्हा पिशवी कुठे लोंबते. घरी आल्यावर काढायचं. आधी त्याच्या चित्रातली सगळी माणसं फोटोला उभी राहिल्यासारखी सरळ असायची. ती हळूहळू वाकायला, वळायला लागली.

औंधला गेलो तो दिवस मात्र वेगळाच होता. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे एसटीने गेलो. यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय 1938 साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलं. हा संस्थानिक स्वतः चित्रकार होता. आपल्या जिल्ह्यातल्या छोट्या गावात राजा रविवर्मा, चित्रकार म. वि. धुरंधर यांची चित्रं आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं आई-मुलाचं शिल्प आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. मुलाने रविवर्म्यांची चित्रं तोवर कॅलेंडरवर आणि मोबाइलवरच पाहिली होती. मूळ चित्रासमोर तो आधी लांब उभा राहिला, मग जवळ गेला, परत मागे आला. "आई, जवळून बघितलं तर साडीची जर नाहीच आहे, नुसते पिवळे फटकारे आहेत. लांबून जर दिसते." धुरंधर कोल्हापूरचे हे ऐकून तो जास्तच खूश झाला. परतीच्या एसटीत अखंड बोलत होता.

एलिमेंटरीला ब श्रेणी आली. भूमितीचा पेपर अर्धवट राहिला होता, त्यामुळे इंटरमिजिएटच्या आधी रोज कंपास आणि अक्षरलेखन केलं, कुरकुर करत का होईना. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली. दहावीला इंटरमिजिएटचे जादा गुण मिळतात, अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3. शाळेकडे प्रस्ताव वेळेत द्यावा लागतो, तेवढं पालकांनी लक्षात ठेवावं.

सासऱ्यांचा प्रश्न होता, "हे सगळं ठीक, पुढे काय?" प्रश्न रास्त होता, म्हणून माहिती काढून त्यांच्यासमोर ठेवली. कोणत्याही शाखेतून बारावी करून राज्याची कला सीईटी देता येते. संकल्पचित्र, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान, प्रत्येकी 50 गुण. त्यातून चार वर्षांच्या बीएफएला, म्हणजे ललित कलेच्या पदवीला प्रवेश. जाहिरात, पुस्तकं, अ‍ॅनिमेशन, कापडाची डिझाइन, शिक्षकी, अशा वाटा आहेत. त्यांनी दोन दिवस काही म्हटलं नाही, मग पेपर वाचता वाचता नातवासमोर मॉडेल म्हणून बसायला लागले.

आता तो अकरावी वाणिज्यला आहे आणि माणसांच्या हातांपाशी अडकलाय. बोटं कडक येतात, म्हणून सरांनी रोज स्वतःचा डावा हात काढायला सांगितलाय. दिवाळीच्या सुट्टीत वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं बघायला जायचं ठरलंय. त्याची अट एकच आहे, "आई, तिथे घाई करायची नाही." मी त्या दिवसाची शिवणाची कामं आधीच नाकारली आहेत.