बुलेटची टाकी, नोंद तिसरी: साबण, मोगरी आणि चुकलेले टाके

माझ्या बुलेटसाठी हाताने घडवलेली अॅल्युमिनियमची पेट्रोलची टाकी अजून पॉलिश व्हायची आहे. तरी नोंद आत्ताच लिहितो, कारण गेल्या सहा आठवड्यांत जे झालं ते पॉलिशनंतर कुणाला दिसणार नाही.

गाडी तीच, १९८६ची बुलेट ३५०. चासी कापलेली नाही, कापणारही नाही. गाडीत बदल करण्यावर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२शी मला भांडण नको. जुनी फायबरची टाकी ई-२० पेट्रोलने (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आतून चिकट केली. पॉलिएस्टर रेझिनला इथेनॉल मानवत नाही, हे कार्बोरेटरच्या जेटमध्ये डिंक सापडल्यावर मला कळलं. म्हणून आता अॅल्युमिनियम, २ मि.मी. पत्रा. १.२ मि.मी. लोखंडी पत्रा चौरस मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतो, हा साडेपाचच्या आत.

काम दांडिया बाजारात अण्णांच्या पडवीत चाललंय. अण्णांचे आजोबा तांबट, पुण्याहून बडोद्याला आलेले. घरात बंब आणि घंगाळी घडायची. अण्णा पंधराव्या वर्षी डेंटर झाले, कारण लोक स्टीलकडे वळले होते आणि अँब्युलन्सपासून अॅम्बेसेडरपर्यंत सगळ्यांचे मडगार्ड मात्र चेपत होते. पुढे बुलेटचे मडगार्ड, मग साइड बॉक्स, मग टाक्या. सयाजीरावांनी १८९०मध्ये काढलेल्या कलाभवन या तंत्रशाळेच्या भिंतीलगत ते रोज सायकलने जायचे, आत कधी गेले नाहीत. "आत गेलो असतो तर ड्रॉइंग शिकलो असतो," म्हणतात. ड्रॉइंग त्यांना येत नाही हे खरं. पुठ्ठ्याचा फर्मा मात्र ते नुसत्या डोळ्याने कापतात आणि तो बसतो.

पत्रा आधी मऊ करावा लागतो. अॅल्युमिनियम लाल होत नाही, सरळ वितळतं, त्यामुळे किती तापलं ते डोळ्याला कळत नाही. अण्णा कपडे धुण्याचा साबण पत्र्यावर घासतात आणि गॅसची ज्योत फिरवत राहतात. साबण काळा पडला की ज्योत बाजूला. पहिल्या दिवशी मी साबण नको म्हणून तापमापक आणायला निघालो होतो. अण्णा काही बोलले नाहीत, वडी माझ्या हातात दिली.

मग वाळू भरलेली चामड्याची पिशवी आणि लाकडी मोगरी. माझी सवय मध्यभागी धपाधप मारायची. तसं केलं की पोट फुगतं, पण तिथेच पत्रा पातळ होतो. अण्णा कडेला मुद्दाम चुण्या पाडतात आणि एकेक चुणी मेखेवर, म्हणजे लोखंडी ठोकळ्यावर, बसवतात. कड आकसते, मधला भाग आपसूक वर येतो, जाडी शाबूत. बंबाचं बूड असंच घडतं म्हणे. शेवटी पॉलिश केलेल्या हातोडीने सारख्या अंतरावर हलके ठोके, तेच मठारकाम. मठार दिसायला सुंदर असतं, पण त्यामागे हिशोब असतो: ठोक्यांनी पत्रा पुन्हा कडक होतो. डाव्या बाजूचा मठार मी दिला, उजव्या बाजूचा अण्णांनी. फरक उन्हात दिसतो. मी तो पॉलिशमध्ये घालवणार नाही.

आता माझी चूक. वेल्डिंग मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आर्गन वायूवर. अण्णांनी सांगितलं होतं: बोट-बोट अंतरावर टाके, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, एक इकडे, एक पलीकडे, मध्ये गार होऊ द्यायचं. त्या दिवशी त्यांना दवाखान्यात जायचं होतं. शनिवार संध्याकाळ, मला घाई, मी वेल्डरला म्हणालो, "एका दमात मारून टाका." अॅल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं आणि गार होताना तितकंच ओढतं. टाकीच्या पोटातला खोबणीचा पत्रा, जो चासीच्या नळीवर बसतो, ४ मि.मी. आत आला. रविवारी टाकी चासीवर ठेवली तर ती बसेना, वरून नुसती हसतेय!

अण्णांनी टाकीभोवती एकदा फेरी मारली. "कुणी सांगितलं रे एका दमात मारायला?"
"मीच."
"मग तूच काप."

चार तास करवतीने कापली. सोमवारी पुन्हा टाके घातले, या वेळी अण्णा शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक टाक्याला "थांब" म्हणत होते. वेल्डर वैतागला होता. खोबण सरळ आली, अर्धा मि.मी. अजून कुठेतरी आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. बुलेटचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मि.मी., बोअर (सिलिंडरचा व्यास) ७०. एवढ्या लांब धावेच्या एकाच सिलिंडरचा थरथराट अॅल्युमिनियमचा माउंट काही महिन्यांत चिरतो. म्हणून टाकी चारही टोकांवर रबराच्या बुशवर, कुठेही धातूला धातू नको. आणि गळती तपासताना कॉम्प्रेसर लावू नका, टाकी फुगेल. आम्ही सायकलचा पंप वापरला, दोन-तीन पीएसआय, वर साबणाचं पाणी. पंधरा मिनिटांत एकच बुडबुडा, पेट्रोल कॉक बसतो त्या धातूच्या बुशपाशी. बुश लेथवर मीच काढलाय, म्हणजे तोही माझ्याच खात्यावर.

पाण्याच्या बाटल्यांनी मोजली: ११ लिटर आणि वर एक ग्लास. बुश बदलला की पावागढपर्यंत फेरी. अण्णा मागे बसणार म्हणतायत, पण हातोडी बरोबर घेऊन.