तुम्ही विचारलंत म्हणून: गेममध्ये घोरपडच का?

‘प्लॅनेट झू’ खेळणाऱ्या आमच्या मंडळींत, पुढे कोणते प्राणी यायला हवेत याच्या याद्या सारख्या निघतात. माझ्या यादीत दर वेळी घोरपडी नि इग्वाना असतात. मग ठरलेला प्रश्न येतो, "अहो, जगात एवढे प्राणी पडलेत, तुम्हाला हे मोठे सरडेच का हवेत?" भाचा विचारतो, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, सोबत खेळणारे तर विचारतातच. दर वेळी घाईघाईत अर्धंमुर्धं उत्तर देते. आज नीट सांगते.

हा गेम ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या ब्रिटिश कंपनीनं तो २०१९च्या नोव्हेंबरात आणला. त्यात आपण प्राणिसंग्रहालय बांधतो आणि चालवतो. जमीन उकरायची, तळं खणायचं, झाडं लावायची, कुंपण घालायचं, आवारातलं तापमान राखायचं आणि प्राणी सुखात आहे ना ते बघायचं. सरड्यांच्या वाट्याला त्यात दोन तऱ्हेची घरं येतात. हिरवा इग्वाना, गिला मॉन्स्टर यांना ठरावीक मापाची काचेची पेटी मिळते. ती आपण बांधत नाही, आणून ठेवतो. कोमोडो ड्रॅगन आणि २०२३मध्ये आलेली आशियाई पाणघोरपड यांना मात्र खरंखुरं आवार मिळतं, आपल्या हातानं घडवलेलं.

माझा सगळा जीव त्या आवारात आहे. प्राणी केवढा आहे, किती प्रसिद्ध आहे, हे मी बघतच नाही. त्याच्यासाठी मला नवीन काय बांधावं लागेल, एवढंच बघते. वाघाचं आवार एकदा हाताला बसलं की बिबट्याचं फारसं जड जात नाही. एका हरणाचं जमलं की दहा हरणांचं जमतं. सरड्याचं तसं होत नाही. त्याला अंगची ऊब नसते. ती त्याला दगडाकडून, उन्हाकडून, मातीकडून घ्यावी लागते. म्हणून एकाच आवारात तापलेला कातळ हवा, गार बीळ हवं, आणि या दोन्हींच्या मधल्या चार जागा हव्यात. दिवसभर तो या जागांमधून फिरत असतो, आणि ते फिरणं म्हणजेच त्याचं जगणं. जागा चुकीची बांधली तर तो एका कोपऱ्यात पडून राहतो आणि लोक म्हणतात, "हा काय, नुसता पडलाय!"

हे सगळं शंभर वर्षांपूर्वी ज्या बाईंना कळलं होतं, त्यांचं नाव मी नेहमी घेते. जोन प्रॉक्टर. १९२३पासून त्या लंडन झूच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागप्रमुख होत्या. तिथलं नवं सर्पगृह त्यांनी स्वतः आखलं आणि ते १९२७मध्ये उघडलं. एकाच पिंजऱ्यात वेगवेगळ्या जागी वेगवेगळी ऊब, अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच, आणि प्रेक्षक उभे राहतात तिथे अंधार पण प्राण्यावर उजेड, अशी ती रचना होती. त्याच सुमारास लंडनला कोमोडो ड्रॅगन आले. त्यांतल्या ‘सुम्बावा’ नावाच्या एकाला प्रॉक्टरबाईंनी इतकं माणसाळवलं की त्या त्याला हातानं अंडी भरवत आणि झूमध्ये लोकांच्या, पोराबाळांच्या घोळक्यातून मोकळा फिरवून आणत. १९३१मध्ये, अवघ्या ३४व्या वर्षी त्या गेल्या. आयुष्यभर आजारपण पाठीशी होतं. गेममध्ये मी हीटर कुठे ठेवू, दगड कुठल्या बाजूला लावू असा विचार करत बसते तेव्हा मला हटकून त्यांची आठवण येते. हेच प्रश्न त्यांनी खऱ्या विटांत आणि खऱ्या काचेत सोडवले होते.

"पण कोमोडो तर आहेच ना गेममध्ये!" हा पुढचा प्रश्न. आहे, आणि तो मला फार आवडतो. तरीही त्याच्याबाबत एक गोष्ट खटकते. गेममध्ये त्याचं पिल्लू मोठ्यांच्या सोबत त्याच आवारात निवांत वाढतं. इंडोनेशियातल्या कोमोडो, रिंचा, फ्लोरेस या बेटांवर असं घडलं तर मोठा कोमोडो पिल्लाला खाऊन टाकेल. तिथली पिल्लं अंड्यातून निघाली की थेट झाडावर चढतात आणि आयुष्याची पहिली काही वर्षं वरच काढतात. वर किडे, पाली, पक्ष्यांची अंडी खाऊन वाढायचं आणि अंगात जोर आल्यावर खाली उतरायचं. कल्पना करा, असं आवार बांधायला मिळालं तर! खाली तीन मीटरचा बाप फिरतोय, त्याला चढता येऊ नये असं बारीक खोडांचं रान वर पसरलंय, आणि फांदीफांदीवर ठिपक्याठिपक्यांची पिवळसर पिल्लं. एकाच जातीसाठी दोन मजल्यांचं घर.

म्हणून माझ्या यादीत पहिली परदेशी घोरपड येते ती पूर्व ऑस्ट्रेलियातली लेस मॉनिटर. लांबी दोन मीटरपर्यंत, अंगावर काळ्या-पिवळ्या रंगाची जाळी. पण मला ती हवी आहे वारुळासाठी. ही मादी वाळवीचं वारूळ फोडून आत अंडी घालते आणि निघून जाते. वाळव्या आपल्या सवयीनं भगदाड बुजवून टाकतात. वारुळाच्या पोटात ऊब कायम तिशीच्या आसपास आणि दमटपणाही राखलेला, त्यामुळे अंडी उबवायची सगळी सोय आयतीच होते. काही महिन्यांनी मादी परत येते, वारूळ उकरते आणि पिल्लं बाहेर पडतात, असं अभ्यासकांनी पाहिलंय. वाळवीनं राखलेलं बाळंतघर! गेममध्ये आजवर मी कितीतरी इमारती बांधल्या, पण जिवंत भिंतीचं घर एकही नाही.

दुसरी फिलिपिन्सची, फळं खाणारी. घोरपड म्हणजे मांसखाऊ, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की लुझोन बेटावरच्या या घोरपडींबद्दल वाचलं तेव्हा मी ते पान दोनदा वाचलं. आपल्या केवड्याच्या कुळातल्या झाडांची फळं त्या खातात. त्यांतली एक जात, जवळजवळ दोन मीटरची आणि अंगावर सोनेरी ठिपके असलेली, शास्त्रज्ञांनी २०१०मध्ये पहिल्यांदा नोंदवली. तिथल्या जंगलात राहणारे लोक तिची शिकार करून खात आले होते, त्यांच्यासाठी ती नवी नव्हतीच. एवढं मोठं जनावर इतकी वर्षं शास्त्राच्या नजरेआड राहिलं, कारण ते उंच झाडांवर असतं आणि खाली क्वचितच उतरतं. तिच्या आवारात फळझाडंच मध्यभागी लागतील, बाकी सगळं नंतर.

इग्वानांत मी निळ्या इग्वानासाठी भांडते. ग्रँड केमन या कॅरिबियन बेटावर २००२मध्ये मोजणी झाली तेव्हा रानात जेमतेम दहा ते पंचवीस उरले होते. मग त्यांना बंदिवासात वाढवून सोडायचं काम नेटानं चाललं आणि २०१८पर्यंत सोडलेल्यांचा आकडा हजारावर गेला. गेममध्ये प्राणी वाढवून रानात सोडण्याची सोय आहेच. ती सोय खऱ्या जगात जिथे फळाला आली, तो प्राणी गेममध्ये नसावा? आणि निळा म्हणजे खरोखर निळा. ऊन अंगात मुरलं की आकाशी होतो, गारव्यात राखाडी पडतो. गालापागोसचा समुद्री इग्वानाही यादीत आहे. समुद्रातलं शेवाळ खाऊन जगणारा हा एकच सरडा, नि एल निनोच्या वर्षी शेवाळ मेलं की त्याची लांबी खरोखर कमी होते, कधी पाचव्या हिश्शापर्यंत. वजन कमी होणं वेगळं, इथे आख्खा प्राणी आखूड होतो. पेरेंटीबद्दल पुष्कळ जण विचारतात. सुंदरच आहे ती, ऑस्ट्रेलियातली सगळ्यात मोठी घोरपड. पण वाळू, खडक आणि ऊन एवढंच तिला लागतं, आणि तसं आवार मी कितीदा बांधलंय. आली तर आनंदच आहे.

आता खरं कारण.

आमचं गाव संगमेश्वरच्या बाजूला. सातवीतल्या मे महिन्याच्या सुट्टीत, गोठ्यामागे शेणाच्या खताचा खड्डा होता तिथे मी काहीतरी आणायला गेले आणि जागीच थांबले. जांभा दगडाच्या गडग्यावर, म्हणजे रचलेल्या कुंपणावर, घोरपड. माझ्यापासून पाच-सहा हातांवर. ती हलत नव्हती, फक्त गळा फुगायचा आणि बसायचा. एकदा दुभंगलेली लांब निळसर जीभ बाहेर आली, हवेत वर-खाली झाली आणि आत गेली. नाकपुड्या टोकाला नव्हत्याच, डोळ्यांच्या जवळ, तिरप्या चिरेसारख्या. मग ती सावकाश उतरली, खतात पुढचे पाय घातले आणि उकरायला लागली. अंगठ्याएवढी जाड पांढरी अळी ओढून काढली, मान वर करून गिळली. दुसरी काढली. तिसरी. मी दगड उचलला होता, तो हातात तसाच राहिला, कारण मागून आजी म्हणाली, "हाकलू नको गो तिला. माडांची राखण करते ती."

पुढे मोठी झाल्यावर कळलं, आजी बरोबर होती. त्या अळ्या गेंड्या भुंग्याच्या. तो भुंगा शेणखतात वाढतो आणि माडाचा कोंभ पोखरतो. घोरपड त्या शोधून खाते.

आपल्याकडे घोरपड म्हटलं की सिंहगड आणि तानाजी. १६७०ची ती लढाई खरी, पण दोर बांधून कडा चढणारी यशवंती पोवाड्यातली. मावळे दोराच्या शिडीनंच चढले असतील, असं बरेच अभ्यासक म्हणतात. मला त्या गोष्टीचा राग नाही. पण त्या एका गोष्टीवरच आपली ओळख थांबली याचं वाईट वाटतं. पोरांना यशवंती माहीत असते, पण घोरपड जून-जुलैत काय करते ते माहीत नसतं. पावसाळ्याच्या तोंडाला दोन घोरपडी मागच्या पायांवर उभ्या राहून एकमेकींना कवटाळलेल्या दिसतात, लोक व्हिडिओ काढतात आणि खाली लिहितात, ‘घोरपडीचं लग्न’. ते दोन नर असतात आणि ती कुस्ती असते. जो आडवा पडतो तो हरतो.

न ओळखण्याची किंमत घोरपडीनं फार मोजलीय. मांसासाठी मारली, तेलासाठी मारली. गोव्यात घुमट या मातीच्या वाद्याचं तोंड तिच्याच कातड्यानं मढवत. आता तिथे बकऱ्याचं कातडं वापरतात, घुमट वाजतंय आणि घोरपडही वाचतेय, याचा मला मनापासून आनंद आहे. ‘हाथाजोडी’ नावाची भाग्य उजळणारी मुळी म्हणून जे विकलं जातं, ते कुठल्या झाडाचं मूळ नसतं, ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. हे वाक्य लिहिताना हात थरथरतो, पण लिहायला हवं, कारण विकत घेणाऱ्यांतल्या अनेकांना हे ठाऊकच नसतं. कायद्यानं ती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती दिसली की अजूनही आधी काठी शोधली जाते, सर्पमित्राला फोन नंतर.

गेमनं हे सगळं सुटेल असं मी म्हणत नाही. पण माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, आणि पँगोलिन म्हणजे आपलं खवले मांजर हे त्याला शाळेत कळलेलं नाही, याच गेममध्ये कळलं. त्यानं त्याच्यासाठी आवार बांधलं, मुंग्या कुठून आणायच्या म्हणून मला भंडावून सोडलं. ज्याच्यासाठी घर बांधलं त्याला तो कधी दगड मारणार नाही, एवढी मला खात्री आहे.

आपली घोरपड फार मोठी नाही. पूर्ण वाढ झाली तरी पावणेदोन मीटर, त्यातली निम्म्याहून जास्त शेपटीच. कोमोडोशेजारी ती किरकोळ दिसेल. पण तिच्यासाठी जे बांधावं लागेल ते दुसऱ्या कुणासाठी लागणार नाही. जांभ्याचा गडगा हवा, त्यात शिरायला भेगा हव्यात. पोकळ खोडाचा एक जुना आंबा हवा. पोहता यावं असा परह्या, म्हणजे ओढा, हवा. खतखड्डा तर हवाच.

हे आवार मी बांधून ठेवलंय. ‘गोठ्यामागचा गडगा’ या नावानं जपलंय. जांभा काही गेममध्ये मिळत नाही, म्हणून सापडला तो तांबडा दगड घेतला आणि एकेक तुकडा फिरवून फिरवून लावला. एका संध्याकाळी सुरुवात केली, संपलं तेव्हा तीन आठवडे झाले होते. गडगा अशा बेतानं वळवलाय की सकाळचं पहिलं ऊन त्याच्या माथ्यावर पडतं, आणि पाच-सहा हातांवर, एक पोर उभी राहू शकेल एवढी जागा मोकळी सोडलीय.