पर्जन्यमापकाचा सर्व्हर बाहेरून उघडेना : तिसरी नोंद

मुलुंडच्या घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवून गच्चीवरील पर्जन्यमापकाच्या नोंदींचे पान मी तयार केले आहे. घरातील वाय-फायवर ते १९२.१६८.१.५० या पत्त्यावर चटकन उघडते, बाहेरून मात्र काही केल्या उघडत नव्हते.

पहिला दोष नेहमीचाच निघाला. वीज जाऊन आल्यावर राउटरने पायला दुसराच पत्ता दिला होता आणि बाहेरची विनंती पायकडे पाठवणारा फॉरवर्डिंगचा नियम जुन्याच पत्त्यावर राहिला होता. पायच्या मॅक पत्त्यासाठी (हार्डवेअरचा ओळखक्रमांक) एकच आयपी पत्ता राखून ठेवल्यावर ते मिटले. शिवाय मी घरच्याच वाय-फायवरून सार्वजनिक पत्ता टाकून चाचणी करत होतो, आणि पुष्कळसे घरगुती राउटर अशी विनंती पुन्हा आत वळवत नाहीत, हे ध्यानात यायला अख्खी संध्याकाळ गेली. आता चाचणी फक्त मोबाइल डेटावरून.

तरीही पान उघडेना, तेव्हा येणारी-जाणारी पॅकेट (डेटाचे तुकडे) दाखवणारा टीसीपीडम्प पायवर लावला. लॅपटॉपवरून पान उघडले की ओळी भराभर सरकत. फोनवरून प्रयत्न केला की पडदा ढिम्म. वेब पानांचे नेहमीचे पोर्ट (सेवेचा दारक्रमांक) ८० सोडून ८०८० घेऊनही तेच. टीसीपीडम्पला येणारी पॅकेट पायच्या फायरवॉलच्या आधीच दिसतात; त्यामुळे ती पायपर्यंत पोहोचतच नव्हती, हे नक्की झाले.

मग राउटरचा वॅन आयपी (सेवादात्याकडून त्याला मिळालेला पत्ता) पाहिला, जो खरे तर पहिल्याच दिवशी पाहायला हवा होता. तो १००.७२ ने सुरू होत होता, आणि बाहेरच्या संकेतस्थळाला दिसणारा माझा पत्ता निराळाच होता. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने २०१२ मध्ये सेवादात्यांच्या सीजीनॅटसाठी, म्हणजे अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवण्याच्या पद्धतीसाठी, राखून ठेवला. पाहुणे सोसायटीच्या फाटकावरूनच परत जात होते आणि मी घराच्या दाराची कडी तपासत बसलो होतो! केबलवाल्याचे उत्तर सरळ होते : “सर, पब्लिक आयपीचे वेगळे पैसे पडतील.”

सुदैवाने जोडणीला आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) मिळते. तेथे नॅटची (वाटेत पत्ते बदलण्याची) भानगड नसल्याने राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये पायसाठी पोर्ट ८० मोकळे केले, डोमेनला आयपीव्ही६ पत्ता सांगणारी एएएए नोंद जोडली, आणि काल लोकलमध्ये भांडुप जाता जाता पान फोनवर उघडले. कार्यालयात केवळ जुनी आयपीव्ही४ पद्धत असल्याने तेथे अजूनही उघडत नाही. राउटर बंद-चालू केला की प्रीफिक्स (आयपीव्ही६ पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलतो; त्यासाठी नवा पत्ता डोमेनच्या नोंदीत आपोआप भरणारी डायनॅमिक डीएनएसची स्क्रिप्ट लिहायला घेतली आहे.