सिद्ध्याचा पाय

मंगळवार, रात्र

आज आमचा बैल सिद्ध्या एकट्यानं उठला नाही. जनावर उठताना आधी पुढचे गुडघे टेकतं, मग मागचा भाग उचलतं आणि शेवटी पुढचे पाय सरळ करतं. त्यानं गुडघे टेकले, मागून जोर केला, पण डावा पाय खाली लागताच परत धप्पकन बसला. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी ह्यांनी शेपटीच्या मुळाशी धरून वर उचललं, मी बरगडीला खांदा लावला, तेव्हा उभा राहिला. नंतर कितीतरी वेळ त्याची मांडी थरथरत होती.

आर्द्रा नक्षत्रात झालं हे. ओढ्याकाठच्या चिखलात मागचे दोन्ही पाय फाकले आणि तो बसला. लचक भरली असेल असं आम्हाला वाटलं. निर्गुडीचा पाला उकळून शेकलं, हळद आणि तेल चोळलं, चार दिवस गेले. एका पाव्हण्यांनी डाग द्यायला सांगितलं. विळा तापवायचाही झाला होता, मीच नको म्हटलं. पाचव्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी मला त्याच्या मागं उभं केलं आणि म्हणाले, "दोन्ही घोटे बघा." डाव्या पायाचा घोटा उजव्यापेक्षा चार बोटं वर होता. मग ह्यांना पाय धरून हळूहळू फिरवायला लावला आणि माझा हात खुब्यावर ठेवला. कातडीखाली हाड कट्-कट् करत सरकत होतं. खुबा निखळला होता. पहिल्या दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी तरी बोलावलं असतं, तर भूल देऊन, ओढून बसवायचा प्रयत्न करता आला असता. आता तो बसणार नाही. वेदना हळूहळू कमी होतील, लंगडत हिंडेल, पण औताला जुंपायचा नाही.

ते चार दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

गुरुवार

सकाळी हेड्या, म्हणजे जनावरांचा दलाल, येऊन गेला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. अशी बातमी हवेवर जाते. सिद्ध्याभोवती एक फेरी मारली, कानातला पिवळा बिल्ला बघितला, दात बघितले, पायाकडं मात्र बघितल्यासारखंही केलं नाही. अकरा हजार म्हणाला. मी विचारलं, कुठं नेणार? "पुढं शेतकऱ्यालाच देतो की वहिनी." लंगडा बैल कुठला शेतकरी घेतो, हे त्यालाही माहीत आणि मलाही.

माझ्या माहेरी दादा म्हातारे बैल बाजारात सोडून यायचे. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत आणि आम्ही त्यांना काही विचारायचो नाही. तेव्हा कायद्यात तशी वाट होती. १९७६ च्या कायद्यातली कत्तलबंदी गाईंपुरती होती. बैलाला दाखला मिळाला की तो कत्तलीला जाऊ शकत होता. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, ती वाट बंद झाली. बंद झाली ते मला मनापासून बरं वाटलं होतं, अजून वाटतं. पण हेडे यायचे थांबले नाहीत, फक्त कुठं नेणार ते सांगायचे थांबले. शिवाय बैलाला खायला काय घालायचं ते कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, ते आमच्या गव्हाणीतच बघायचं.

आत्यांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, म्हणणं ऐकून मी चमकले. मला वाटलं होतं त्याच आधी नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "देऊन टाका. ढोर बसून बसून जाताना बघवत न्हाई." १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या माहेरी दावणीची जनावरं दावी कापून सोडून दिली होती. त्यातली एक गाय तीन दिवसांनी परत येऊन दारात बसली आणि तिथंच गेली. त्या तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. कठोर होऊन बोलत नाहीत त्या, ते दारातलं पुन्हा बघायचं नाही म्हणून बोलतात. मला उत्तर देता आलं नाही.

शुक्रवार

हिशोब लिहून काढला. दिवसाला पाच पेंढ्या कडबा धरला आणि शेकडा दोन हजारांचा भाव धरला, तर शंभर रुपये रोज. वर्षाचे साडेछत्तीस हजार. कडबा घरच्या ज्वारीचा आहे, म्हणून खिशातून तेवढे जात नाहीत, पण तोच कडबा विकता आला असता हेही खरंच. शेण रोजचं दहा-बारा किलो पडतं. कुजून वर्षाला फार तर एक ट्रॉली शेणखत. आमच्याकडं ट्रॉलीला साडेचार-पाच हजार पडतात. कसाही मांडला तरी हिशोब जुळत नाही. शेणावर बैल फिटतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा रोजची वैरण मोजावी.

पांजरपोळात फोन केला होता. जागा नाही म्हणाले, पुढच्या महिन्यात विचारा. आणि इतक्या लांब न्यायचा कसा? प्रवासाला योग्य आहे असा डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि तो या पायावर कुणी देणार नाही, देऊही नये. टेम्पोत ब्रेक दाबला की तीन पायांवरचं जनावर पडतंच.

आणि पाखऱ्याचं काय, हे तर कुणी बोलतच नाही. बैल कधी एकटा नसतो. ही जोडी एकाच वर्षी झाली. सिद्ध्याला मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या पौषातल्या यात्रेतून दुसा, म्हणजे दोन दाती, असताना आणला, म्हणून देवाचंच नाव. दोन मुक्काम करत चालत आणला होता. कोसा रंग, आणि शिंगं अशी मागं गेलेली की कुंभार आळीतली पोरं बघायला यायची. तो कायम डावीकडं चालला, पाखऱ्या उजवीकडं. पाखऱ्याला आता एकट्याला पाण्यावर नेलं तरी तो डावीकडं जागा सोडून चालतो. मी काल मागून बघत होते. रस्ता मोकळा होता तरी तो कडेनंच चालला.

जोडीला नवा बैल घ्यायचा तर साठ हजार. डाळिंबाची बाग मर रोगानं काढून टाकली त्याला तीन वर्षं झाली, कर्ज अजून फिटलेलं नाही.

रविवार

ठरलं. खालच्या वस्तीवरच्या भावजींकडं पण एकच बैल उरलाय. त्यांच्याशी वारंगुळा करायचा. दोन दिवस औत त्यांच्या रानात, दोन दिवस आमच्या. नांगरट ट्रॅक्टरनं, भाड्यानं. पेरायची पाभर आणि तण काढायचं कोळपं पाखऱ्यावर. नवा बैल घ्यायचा नाही. सिद्ध्या घरीच राहणार.

हे एवढंच म्हणाले, "मग उठवायला रोज दोघं लागतील." मी म्हटलं, लागू दे. पोरगा म्हणाला, शाळेआधी मी आहे. आत्या गप्प होत्या. मी त्यांना एक शब्द दिला आहे आणि तो इथं लिहून ठेवते. तो उठायचाच थांबला, खाणं सोडलं, अंगाला जखमा पडल्या, तर मी माझ्या समाधानासाठी त्याला ओढत ठेवणार नाही. डॉक्टरांना बोलवीन आणि ते सांगतील ते ऐकीन, त्याच दिवशी. पुन्हा चार दिवस थांबणार नाही.

बेंदराच्या, बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशीची संध्याकाळ

खांदमळणी केली, म्हणजे बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे. दरवर्षी आधी डावा बैल, म्हणजे सिद्ध्या. दावणीची फरशी काढून तिथं वाळू टाकली आहे, त्याला पकड मिळते. आज एकदाच हात लावावा लागला. उद्या त्याला वेशीपर्यंत नेणार नाही, पूजा इथंच. शिंगांना हिंगूळ पोरानं आत्ताच लावून ठेवलाय.

आत्या तूप आणि हळद घेऊन आल्या. मी काही बोलले नाही. त्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि चोळता चोळता थांबल्या. म्हणाल्या, "हिकडं हात लाव." जूच्या जागी सात वर्षांचा घट्टा, टाचेसारखा कडक. त्याच्या कडेनं बारीक, मऊ केस आले होते, वासराच्या असतात तसे.

वाळू कडेनं पसरून पातळ झाली आहे. परवा ओढ्यातून अजून चार पाट्या आणायच्या.