नाथसागरात तीन रेघा जुळेनात : माझा अनुभव

मर्चंट नेव्हीच्या तयारीत चार्टवर्क, म्हणजे सागरी नकाशावर जागा आणि वाट काढायचं काम, मला तोंडपाठ झालं होतं. तरी पैठणच्या पाण्यात आपली होडी नेमकी कुठे आहे, हे नकाशावर काढायला अख्खी सकाळ गेली. त्याचा राग मला अजून आमच्या क्लासवर आहे. तीन महिने फॉर्म्युले घोकून घेतले, पण कंपास एकदाही हातात दिला नाही.

नाथसागरासाठी सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे भूभागाचा तपशीलवार नकाशा, घेतली. तिच्यावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. पॉलिटेक्निकच्या मित्राचा प्रिझ्मॅटिक कंपास (खुणेवर नेम धरून अंश वाचायचं होकायंत्र) घेतला आणि काकांच्या मासेमारीच्या होडीत बसलो. देवळाचं शिखर, पाण्याची टाकी आणि धरणाचे दरवाजे अशा तीन खुणांची बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून अंशांत मोजलेल्या दिशा, घेतली. खुणा एकमेकींपासून साधारण साठ अंशांवर असाव्यात. काठाचं टोक खूण म्हणून कधीच धरू नका, पाणी उतरलं की काठ सरकतो.

प्रत्येक खुणेपासून उलटी रेघ ओढली. तिन्ही एका ठिकाणी मिळायला हव्या होत्या, पण मधे लिंबाएवढा त्रिकोण उरला. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. व्हेरिएशन, म्हणजे खरी उत्तर आणि कंपासची उत्तर यांतला फरक, विसरलो म्हणावं, तर आपल्या भागात तो एक अंशाच्या आतच असतो. त्यानं एवढा घोळ होत नाही. मी नकाशाला दोष दिला, मग मित्राच्या कंपासला. ऊन चढत होतं, होडी वाहत होती आणि मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी शिखर आणि टाकी एका ओळीत दिसेपर्यंत काकांना होडी हाकायला लावली. नकाशावर ती ओळ ६४ अंश, कंपासवर ७५! काकांनी होडीचं तोंड फिरवलं, तर त्याच ओळीवर ६८. म्हणजे चूक होडीतच होती. हेच ते डेव्हिएशन, होडीतल्याच लोखंडानं कंपासची सुई ढळणं, वहीत मी शंभरदा लिहिलेलं. काकांनी फळीखाली बोट दाखवलं, "आरं, तुझ्या बुडाखाली नांगर हाय की!" लोखंडी नांगर आणि साखळीचं वेटोळं, माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर.

नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, जाऊन उभा राहिलो. त्याच ओळीवर कंपास ६४ वर आला.

मग पाच मिनिटांत काम झालं. नाकासमोरची खूण आधी आणि आडवी खूण शेवटी घ्या, कारण आडवीचं बेअरिंग भराभर बदलतं. वेळ लगेच लिहा. समुद्राच्या चार्टवर अंतर मोजायचं ते बाजूच्या अक्षांशाच्या पट्टीवर, १ मिनिट म्हणजे १ सागरी मैल, १,८५२ मीटर. खालच्या रेखांशाच्या पट्टीवर मोजू नका. मोबाइलही छातीच्या खिशात नको.

या वेळचा त्रिकोण ज्वारीच्या दाण्याएवढा होता, म्हणजे फार तर दोनशे मीटरचा. पुढच्या खेपेला काकांनी नांगर आपणहून पार मागे नेऊन ठेवला.