रिकव्हरी संपली हे बाकीच्यांना कसं कळतं?

रात्री साडेअकरा

दुपारी परत लाईन गेली. जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग, यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली, पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस) जागच्या जागी आडवा. लाईन आल्यावर लॉगमध्ये नेहमीची तक्रार: नीट बंद केलं नव्हतं, रिकव्हरी (डेटा सावरून पूर्ववत करणं) सुरू आहे. काट्यावरचे काका म्हणतात, "काहून बावा, पावती कवा निघन?" निघाली. एकही वजन गेलं नाही.

जेवण झाल्यावर सोर्स कोड उघडला. शेवटच्या चेकपॉइंटपासून (जिथवरचा डेटा डिस्कवर पक्का उतरलेला असतो) वॅलमधल्या, म्हणजे बदल आधी टिपून ठेवायच्या लॉगमधल्या, नोंदी पुन्हा लावण्याचं काम एकटी स्टार्टअप प्रोसेस करते. पण १५ व्या आवृत्तीपासून क्रॅश रिकव्हरीतही चेकपॉइंटर आणि बॅकग्राउंड रायटर, या डेटा डिस्कवर उतरवणाऱ्या दोन प्रोसेस, सोबत चालतात. स्टार्टअपने आपल्या व्हेरिएबलमध्ये काहीही लिहिलं तरी त्यांना ते दिसत नाही. म्हणून शेअर्ड मेमरीत, म्हणजे सगळ्या प्रोसेसना दिसणाऱ्या जागेत, एकच खूण ठेवलेली, आमच्या गेटवरच्या 'काटा बंद'च्या पाटीसारखी. ज्याला पाहायचं त्याने येऊन पाहावं.

मजा पुढे आहे. प्रत्येक प्रोसेस स्वतःजवळही एक नोंद ठेवते. 'चालू आहे' असं असेल तर दर वेळी शेअर्ड मेमरीत पाहते. एकदा 'संपली' दिसलं की पुन्हा पाहतच नाही. चालतं, कारण संपलेली रिकव्हरी परत सुरू होत नाही. पुन्हा क्रॅश झालाच तर प्रोसेसच नव्या जन्मतात. जुनं उत्तर कधी खोटं पडणार नाही, एवढी खात्री असेल तरच असं जवळ ठेवावं. आमच्या ॲपमध्ये कॅशच्या नावाखाली जे चालतं त्यात ही खात्री कुठेच नाही, ते असो.

आधी ही खूण नुसती हो-नाही होती. रिकव्हरी क्रॅशनंतरची की अर्काइव्हमधून (जपून ठेवलेल्या वॅल फाइलींमधून) चाललेली, हे फक्त स्टार्टअपला ठाऊक. त्यामुळे वॅल फाइली काढून टाकणारा कोड 'रिकव्हरी चालू' दिसलं की हा स्टँडबायच (मुख्य सर्व्हरची राखीव प्रत) असं धरायचा, आणि अजून अर्काइव्हला न गेलेल्या फाइलीही मोडीत निघायच्या. २०२० मध्ये खुणेला तीन किमती दिल्या: क्रॅश, अर्काइव्ह, संपली. दुरुस्ती एवढीशी, पण बॅकअपवर भरवसा ठेवून बसलेल्या माणसाची रात्र वाचवणारी.

आता किमान रिकव्हरी पॉइंटचं (निदान इथवर वॅल लावल्याशिवाय डेटा सुसंगत होत नाही, ती जागा) प्रकरण वाचायला घेतलंय. क्रॅश रिकव्हरीत त्याला अर्थच नाही, हाताशी आहे तो सगळा वॅल शेवटपर्यंत लावायचाच असतो. हेसुद्धा पुन्हा प्रत्येक प्रोसेसला वेगवेगळं समजावं लागतं.